मोटर कुणी जाळली?

जळक्या वार्निशचा वास एकदा नाकात बसला की दोन दिवस हलत नाही. फेब्रुवारीत उसाच्या खोडव्याला पाणी चालू असताना, प्रयाग चिखलीच्या नदीकाठावरची माझी 5 एचपीची मोटर रात्रपाळीच्या लाईटीत गेली. सकाळी ती टेम्पोत घालून कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणली, तर टेम्पोवाल्यानं सुद्धा काच खाली करून घेतली.

मोटरी रिवाइंड करणाऱ्या मेस्त्रींचं दुकान म्हणजे एक अरुंद गाळा. भिंतीला गेजवार लावलेली तारेची रिळं, खाली वार्निशचं भांडं, कोपऱ्यात जळक्या तांब्याचं पोतं आणि दारातच लाकडी फळीवर शंभर वॅटच्या बल्बचा टेस्ट लॅम्प. आत स्टुलावर त्यांची भाची बसलेली. इलेक्ट्रिकल डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला आहे, कॉलेज सुटलं की मामाच्या दुकानात येते. मामाचं आणि तिचं पटतं, पण एका वाक्यात कधीच नाही.

मेस्त्रींनी मला काही विचारलं नाही. कव्हर उघडून आत बॅटरी मारली आणि म्हणाले, "तिन्ही फेजच्या कॉइला सारख्याच काळ्या. एक फेज गेला असता तर काही जळाल्या असत्या, काही तांबूस तशाच राहिल्या असत्या. ही झटक्यानं मेल्याली न्हाई पाव्हणं, भाजून भाजून मेल्या. रात्री व्होल्टेज किती असतंय?"

"तीनशे चाळीस. कधी साडेतीनशे."

"मग झालं तर. चारशे पंधराची मोटर तीनशे चाळीसवर. व्होल्ट उतरलं, अँपिअर चढलं."

इथं माझ्यातला जुना विद्यार्थी जागा झाला. विज्ञानाच्या पुस्तकात विभवांतर, विद्युतधारा आणि रोध अशी भारदस्त नावं होती आणि गणित सोपं होतं: व्होल्ट भागिले ओहम म्हणजे अँपिअर. मी म्हणालो, "मेस्त्री, वरचा आकडा कमी केला तर भागाकार वाढेल कसा?"

मेस्त्री हसले. "त्यो ओहमचा नियम आमच्या मोटरीत चालत न्हाई. परीक्षेत चालतोय."

"चालतो," भाची म्हणाली. "तुम्ही ओहम कुठला धरताय ते बघा आधी. मी सांगतो." (आमच्याकडं पोरीही ‘जातो, येतो, सांगतो’च म्हणतात, पुण्याच्या वाचकांनी मुद्रणदोष समजू नये.)

"तू काय सांगतीस? मीच दाखवतो," म्हणत मेस्त्रींनी टेस्ट लॅम्पचा बल्ब काढला आणि त्याला मल्टिमीटर लावला. आकडा आला 38 ओहम. "आता कर हिशोब. दोनशे तीस भागिले अडतीस."

"सहा अँपिअर."

"आणि सहा गुणिले दोनशे तीस?"

"जवळजवळ चौदाशे वॅट."

"चौदाशे वॅट! ह्यो बल्ब हाय का पाणी तापवायचा रॉड? काचंवर तर शंभर लिवलंय. कुणाचं खरं मानायचं, काचंचं का तुझ्या मीटरचं?"

डाव चांगला होता. मी तर गारच झालो. पण भाचीला तो ओळखीचा असावा. ती म्हणाली, "दोन्ही खरं. मीटरनं थंड बल्ब मोजला. पेटल्यावर आतली तार अडीच हजार अंशांच्या आसपास जाते. तेव्हा उलटा हिशोब करायचा. शंभर वॅट भागिले दोनशे तीस व्होल्ट म्हणजे 0.43 अँपिअर. आणि दोनशे तीस भागिले 0.43 म्हणजे साधारण 530 ओहम. थंडपणीच्या चौदा पट. चौदाशे वॅट तो खातो मामा, पण बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी. म्हणून तर जुना बल्ब लावतानाच उडायचा, चालू असताना क्वचित."

"म्हंजे तुझा मीटर झोपलेल्या माणसाची ताकद मोजतोय."

"मीटर त्याला विचारलं तेवढंच सांगतो. चालत्या यंत्राचा रेझिस्टन्स हवा असेल तर चालू असतानाचे व्होल्ट आणि अँपिअर घ्या, भागा."

मेस्त्रींनी बल्ब परत लावला. हार मानल्याचं काही चिन्ह नव्हतं. "बरं. मग मोटरीचं बोल. चांगल्या 5 एचपीच्या दोन टोकांत साडेतीन-पावणेचार ओहम दाखवतंय. चारशे पंधरा भागिले त्ये कर."

"शंभराच्या वर अँपिअर."

"आणि टाँग टेस्टर लावला तर?"

"साडेसात."

"बाकीचं शंभर कुणी गिळलं?"

मला वाटतं, ओहमचा नियम पाठ करून पास झालेल्या माझ्यासारख्या सगळ्यांना हा प्रश्न एकदा विचारायला हवा. भाचीनं उत्तर साधं दिलं. मोटरीत तांब्याच्या तारेशिवाय लोखंड आहे. लाईट आत आली की तिथं फिरतं चुंबकक्षेत्र तयार होतं, आणि तेच क्षेत्र त्याच कॉइलांत उलटा दाब निर्माण करतं. बाहेरून चारशे पंधरा ढकलतात, आतून त्याच्या जवळपास परत ढकललं जातं. तांब्याच्या वाट्याला त्यातला थोडाच उरतो, आणि त्या उरलेल्याला ओहमचा नियम तंतोतंत लागू. रोटर दगडगोट्यानं अडकला की हा उलटा दाब ढासळतो आणि करंट सहापट होतो. सहाचा वर्ग छत्तीस. तेवढ्या पटीनं तांबं तापतं. अडकलेली मोटर मिनिटात का धुपते, त्याचं हे कारण.

"मग व्होल्टेज कमी झाल्यावर अँपिअर का वाढतात?" मी माझा मुद्दा सोडला नव्हता.

यावर मात्र मेस्त्रीच बोलले. "तुम्ही ऊस घालता न्हवं कारखान्याला? तुमचा वर्षाचा घरखर्च ठरल्याला. दर कमी मिळाला तर काय करायचं? जास्त टन घालायचं. दर गुणिले टन म्हंजे बिल. बिल तेवढंच पायजे. व्होल्ट म्हंजे दर, अँपिअर म्हंजे टन. पंपाला काय कळतंय रात्री दर पडलाय म्हणून? त्यो पाणी तेवढंच वडतोय. मग मोटर टन वाढवती."

इतकी नेमकी उपमा मी तरी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही. भाचीनंही वही बाजूला ठेवून ऐकली. पण मामाचं वाक्य जसंच्या तसं सोडलं तर ती भाची कसली! "हे फक्त मोटरीचं झालं हं. पाणी तापवायच्या रॉडला घरखर्च नसतो. दीड हजार वॅटचा रॉड 35 ओहमचा. दोनशे तीसला साडेसहा अँपिअर घेतो. एकशे नव्वदला साडेपाचच्या आत. वॅट दीड हजारावरून हजारावर येतात, बादली वीस मिनिटांऐवजी अर्ध्या तासानं तापते. जळत काही नाही, आंघोळ लांबते. तुमच्या पुस्तकातला नियम तिथं उघड दिसतो, मोटरीत तो झाकलेला असतो."

मेस्त्री म्हणाले, "झाकल्यालाच मला रोज भेटतोय."

त्या दिवशी वाद इथंच थांबला असता, पण मेस्त्रींनी जळकी कॉइल छाटली, तारेचं एक टोक आगीवर धरून इनॅमल जाळलं, पुसलं आणि मायक्रोमीटरमध्ये धरलं. मग दुसऱ्यांदा धरलं. "पाव्हणं, ही याआधी कुणी भरली?"

मी दुकानाचं नाव सांगितलं. इथं सांगत नाही.

"0.61. म्हंजे 23 गेज. ह्या बनावटीत 22 बसतंय, 0.71." त्यांनी कपाटातली तेलकट वही काढली. कितीतरी बनावटींच्या मोटरी तिच्यात होत्या: स्लॉट किती, टर्न किती, पिच किती, तार किती गेज, तांबं किती किलो. "बारीक तार भरायला सोपी. हात लवकर चालतोय, तांबं बी वाचतंय. वरनं रंग मारला की कुणाला कळत न्हाई."

"मला कळलं असतं," भाची म्हणाली. "तार बारीक म्हणजे ओहम जास्त. 0.71 भागिले 0.61, त्याचा वर्ग 1.36. रेझिस्टन्स छत्तीस टक्क्यांनी वाढलेला. 3.6च्या जागी 4.9 दिसला असता. तुमच्या वहीत टर्न आहेत, किलो आहेत, ओहमचा रकाना कुठाय?"

"मला तार बघून कळतंय."

"जळाल्यावर कळलं, मामा."

मेस्त्री गप्प. बाहेर फाउंड्रीच्या मालाचा टेम्पो गेला, त्याचा आवाज संपेपर्यंत कुणीच बोललं नाही. मग भाचीनं माझ्या मोटरीचा हिशोब मांडला. तो मी वहीत उतरवून घेतला आहे, कारण त्या कागदावर माझाही गुन्हा होता.

चारशे पंधराला साडेसात अँपिअर, तर तीनशे चाळीसला तेवढंच काम करायला साधारण 9.15. म्हणजे 1.22 पट. उष्णता करंटच्या वर्गात वाढते, म्हणून दीडपट. वर तार बारीक, ती 1.36 पट. दोन्हींचा गुणाकार दोन. तीन फेजच्या मोटरीत तांब्यातली उष्णता काढायची रीत सोपी आहे: लाईनच्या अँपिअरचा वर्ग, गुणिले दोन टोकांमधले ओहम, गुणिले दीड. चांगल्या मोटरीत चांगल्या व्होल्टेजला हे होतं तीनशे वॅट. माझ्या मोटरीत सहाशे. बंद पेटीत, तेवढ्याच पंख्याच्या वाऱ्यावर, रात्रभर.

"आणि रिले पडला का न्हाई?" मेस्त्रींनी विचारलं. "स्टार्टरमधला. 9 अँपिअरला पडाय पायजे हुता."

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. रिले रोज रात्री पडायचा. थंडीत उठून नदीवर जायचा कंटाळा, म्हणून मीच त्याचा काटा साडेसातवरून दहावर सरकवला होता.

"मग मोटर कुणी जाळली, ह्ये आता मीटर लावून बघायला नको," मेस्त्री म्हणाले.

रिवाइंडिंगला तीन दिवस गेले. मधल्या काळात माझ्या डोक्यात दोघांचा वाद चालूच होता. मन मेस्त्रींकडं झुकायचं. कोल्हापूरचं कारखानदारीचं वैभव हातानं उभं राहिलेलं आहे. ते उभं करणाऱ्या म्हादबा मेस्त्रींकडं कुठली डिग्री होती? उद्यमनगरात आजही लेथवरचा माणूस आवाजावरून सांगतो की बेअरिंग चाललंय. पण हाताला जे कळतं ते बहुतेक वेळा उशिरा कळतं, याला माझी मोटर साक्षीला होती.

तिसऱ्या दिवशी गेलो तेव्हा मोटर वार्निश खाऊन, भट्टीतून निघून चकचकीत झाली होती. बॉडी आणि वाइंडिंगमध्ये मेगर लावून झाला होता. या एका मीटरवर मामा-भाचीचं एकमत आहे. पाचशे व्होल्टचा दाब द्यायचा आणि किती चोरटा करंट निसटतो ते बघायचं. एक मेगओहम म्हणजे अर्धा मिलिअँपिअर. त्याच्या खाली आलं तर मोटर जोडायची नाही. 2019 आणि 2021च्या महापुरानंतर गाळात बुडालेल्या मोटरींच्या रांगा याच रस्त्यावर लागल्या होत्या. धुवायच्या, वाळवायच्या, मेगर लावायचा, पुन्हा वाळवायच्या. मेस्त्री म्हणतात, त्या दिवसांत लोक पोरांचा ताप विचारावा तसे मोटरीचे मेगओहम विचारायला यायचे.

भाचीनं मात्र आणखी एक उद्योग मांडला होता. ट्रॅक्टरची बारा व्होल्टची बॅटरी, तिच्याशी मालिकेत ट्रॅक्टरच्याच हेडलाईटचा बल्ब, आणि पुढं मोटरीची दोन टोकं. एक मीटर करंटला, एक व्होल्टला.

"मल्टिमीटरवर ओहमचं बटण हाय की," मेस्त्री म्हणाले.

"तीन-चार ओहमला त्याच्या वायरींचाच अर्धा ओहम मिसळतो. इथं करंट एका वाटेनं जातो, व्होल्ट थेट मोटरीच्या टोकावर मोजतो. वायरींचा संबंधच येत नाही." करंट आला 2.4 अँपिअर, व्होल्ट 8.6. भागाकार 3.58 ओहम. उरलेल्या दोन्ही जोड्यांतही तेवढाच. "तार 22चीच भरलीय," ती म्हणाली.

"मी भरल्या. मला सांगतीस व्हय?" पण आवाजात राग नव्हता.

मग चहा आला आणि भाचीनं ओहमची गोष्ट सांगितली. गेऑर्ग ओहम 1789 साली जर्मनीत एर्लांगनला जन्मला. बाप कुलपं बनवणारा कारागीर. स्वतः कोलोनच्या शाळेत मास्तर. तारांची लांबी बदलून करंट मोजताना त्याची पहिली पंचाईत आपल्यासारखीच झाली: बॅटरीचा दाब एका जागी टिकेना. मग त्यानं बिस्मथ आणि तांब्याचा जोड घेतला, एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात. दाब बारीक, पण ढळत नाही. त्यावर 1826 साली त्याला नियम सापडला, पुढच्या वर्षी पुस्तक आलं, आणि मायदेशात त्याचं स्वागत इतकं थंड झालं की त्यानं नोकरी सोडली. लंडनच्या रॉयल सोसायटीनं पदक दिलं ते 1841 साली.

"कुलपंवाल्याचा पोरगा?" मेस्त्रींनी कप खाली ठेवला. "म्हंजे लो व्होल्टेजला त्यो बी वैतागला हुता म्हण की."

त्या रात्री दोघंही माझ्याबरोबर नदीवर आले. पंपाचं बसवणं झालं, रिले साडेसातवर आला. लाईट आली आणि काठावरच्या सगळ्या मोटरी एकदम घुमल्या. बहुतेकांना ऑटोस्विच आहे. प्रत्येक मोटर सुरू होताना सहापट ओढते, आणि सगळ्या एकाच क्षणी ओढतात. व्होल्टमीटरचा काटा तीनशेच्या खाली जाऊन हळूहळू 365ला थांबला. महावितरण ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा म्हणून सांगून दमलं. मेस्त्रींचं त्यावर मत असं: "कपॅसिटरनं लाईनीचा भार हलका हुतोय, व्होल्टेज सावरतंय. पण एकट्यानं बसवून काय हुतंय? सगळ्यांनी बसवाय पायजे. तुमच्या कॉइलीत करंट जायचा तेवढाच जातोय." भाचीनं मान डोलावली. दोघांचं एकमत झालेला हा दुसरा मुद्दा.

टाँग टेस्टरवर 8.5 अँपिअर. पाच-सात मिनिटांनी रिले पडला.

"बघा," मी म्हणालो, "असंच व्हायचं. म्हणून तर काटा सरकवला होता."

भाची वहीत काहीतरी भागाकार करत होती. मेस्त्री उठले, डिलिव्हरीच्या पाइपाशी गेले आणि रिले थंड झाल्यावर मोटर चालू करायला लावली. मग गेट वाल्व थोडा थोडा पिळत राहिले, नजर माझ्या हातातल्या टेस्टरवर. 8.5. 8.1. 7.8. 7.4. "बास." पाण्याची धार किंचित बारीक झाली होती. "टन कमी करता येत न्हाई म्हणत हुता न्हवं? घरखर्च कमी केला."

मी भाचीकडं पाहिलं. ती म्हणाली, "हे आमच्या पुस्तकात पंपाच्या वक्ररेषेत आहे. पण वाल्वला हात लावून कुणी दाखवलं नव्हतं."

तासाभरानं मेस्त्रींनी बॉडीवर तळहात ठेवला, मनात चार मोजले आणि उचलला. "बरी हाय. कोमट्याच्या वर."

"आतलं सांगा."

"आतलं कोण बघतंय?"

तिनं मोटर बंद करायला सांगितली, लगेच दोन टोकं सोडवली आणि बॅटरी लावली. 2.2 अँपिअर, 9.5 व्होल्ट. 4.32 ओहम. दुकानात 28 अंशाला 3.58 होते. वीस टक्के आणि वर थोडी वाढ. तांब्याचा रेझिस्टन्स त्या मोजमापापासून दर अंशाला 0.38 टक्क्यानं वाढतो, म्हणजे आत 54 अंश चढले. 28 आणि 54 मिळून 82. "ह्या इन्सुलेशनला एकशे तीसपर्यंत चालतं. त्याच्या वर दहा अंश चढलं की आयुष्य निम्मं, असा सगळे हिशोब धरतात. आपण बरेच खाली आहोत."

मेस्त्री बराच वेळ बॅटरीच्या उजेडात तो आकडा बघत होते. बॉडीवर पुन्हा हात ठेवला. "ब्याऐंशी," ते स्वतःशीच म्हणाले. मग भाचीला म्हणाले, "ह्ये दुकानात आलेल्या मोटरीला बी करता ईल? चालवून, लगेच?"

"करतो की."

वाल्व त्या रात्रीपासून तिथंच आहे, त्यावर मेस्त्रींनी लाल रंगाची खूण केली आहे. रिले साडेसातवर. व्होल्टेज फारच घसरलं की तो पडतो आणि मी पडू देतो. खोडव्याच्या शेवटच्या चार सऱ्या मग दुसऱ्या रात्री भिजतात.